खेळाडूवर गुन्हा दाखल झाला. पुढे काय? अंकीत चव्हाणची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना आलेले 'ॲक्च्युअली' आणि 'बेसिकली' काढून टाकलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

आजचा विषय डोक्यात आला तो ऑक्टोबर २०२५ मध्ये. महाराष्ट्र केसरी सिकंदर शेख याला पंजाब पोलिसांनी शस्त्रतस्करीच्या प्रकरणात अटक केली, ही बातमी आली. अर्ध्या तासात आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, पोराला अडकवलाय, गरिबाघरचा पैलवान आहे, त्याला कोण विचारतं. दुसरी म्हणे, घाण केली, महाराष्ट्राचं नाव घालवलं. रात्री दीडपर्यंत चाललं. पुढे काही दिवसांत त्याला जामीन मिळाला, आणि मग पहिल्या पार्टीने 'बघा, निर्दोष सुटला' म्हणून फटाक्यांचे स्टिकर टाकले.

आता जामीन म्हणजे निर्दोष सुटणं नाही. आणि अटक म्हणजे दोषी ठरणंही नाही. पण आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात एकाच माणसाला आधी फाशी झाली आणि मग भारतरत्न मिळालं. एकानेही एफआयआर वाचलेला नव्हता. मीसुद्धा नाही.

त्या केसबद्दल मी आज काही मत देणार नाही. ती सुरू आहे, कोर्ट बघेल. मला आज दुसरी गोष्ट सांगायची आहे, जी बऱ्यापैकी घडून संपली आहे आणि जिचे सगळे टप्पे आपल्यासमोर आहेत. शिवाय ती आपल्या मुंबईतल्या पोराची आहे. अंकीत चव्हाण. नाव आठवतंय? बऱ्याच जणांना फक्त 'तो फिक्सिंगवाला' एवढंच आठवत असेल. तिथूनच सुरू करू.

साल २०१३. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा होतो, निकाल लागायचा होता, आणि रोज संध्याकाळी आयपीएल. डोंबिवलीकरांना त्या वर्षी राजस्थान रॉयल्स बघायला एक जास्तीचं कारण होतं. अजिंक्य रहाणे. आपल्या इथे वाढलेला, एस. व्ही. जोशी हायस्कूलचा विद्यार्थी, आणि त्याच मार्चमध्ये दिल्लीत कसोटी पदार्पण केलेला. त्यामुळे मुंबई इंडियन्सची मॅच राजस्थानशी असली की आमच्या बिल्डिंगमध्ये थोडी गोची व्हायची. टीम मुंबईची, पण समोर आपला अज्जू.

१५ मे, बुधवार. वानखेडेवर मुंबई विरुद्ध राजस्थान. राजस्थानकडून डावखुरा फिरकीपटू अंकीत चव्हाण खेळत होता. २७ वर्षांचा, मुंबईकडून रणजी खेळणारा. आदल्या डिसेंबरमध्ये याच वानखेडेवर त्याने पंजाबविरुद्ध एका डावात ९ बळी घेतले होते, आणि त्या हंगामात मुंबईने ४०व्यांदा रणजी करंडक जिंकला होता. म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हता तो. कांगा लीग, मैदानं, मॅटिंग, मग रणजी, मग आयपीएल, हा जो मुंबईचा जिना आहे तो एकेक पायरी चढून आलेला पोरगा.

मॅच संपली. त्या रात्री दिल्ली पोलिसांच्या स्पेशल सेलने मुंबईत तीन खेळाडूंना उचललं. एस. श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकीत चव्हाण. दुसऱ्या दिवशी दिल्लीचे पोलीस आयुक्त नीरज कुमार यांची पत्रकार परिषद झाली आणि सगळ्या चॅनलवर तेच. आरोप तीन सामन्यांचा होता. ५ मे जयपूर, चंडिला. ९ मे मोहाली, श्रीशांत. १५ मे मुंबई, चव्हाण. पोलिसांचं म्हणणं असं की एका षटकात ठरलेल्या आकड्याइतक्या धावा द्यायच्या आणि त्याआधी बुकीला खूण करायची. श्रीशांतची खूण म्हणजे पँटला खोचलेला टॉवेल. चंडिलाने टीशर्ट वर करायचा होता, पण म्हणे तो विसरलाच. चव्हाणसाठी ६० लाखांचा सौदा ठरला होता, असा आरोप.

हे सगळं व्हिडिओसकट दाखवलं गेलं. टॉवेलवर लाल गोल केलेला. तुम्ही बघितलं असेल तर आठवेल, त्यात शंकेला जागाच वाटत नव्हती. टीव्हीवर बाण दाखवला की पुरावा झाला, असं आपल्याला तेव्हा वाटायचं. अजूनही वाटतं.

आमच्याकडे त्याचा परिणाम काय झाला सांगतो. दुसऱ्या दिवसापासून बिल्डिंगच्या क्रिकेटमध्ये कुणाला सिक्स बसला की सगळे ओरडायचे, 'अरे, टॉवेल लावला का रे?' कुणी वाइड टाकला की, 'किती घेतलेस?' मजा होती. आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा एक दादा होता. नाव नाही सांगत. तोही डावखुरा स्पिनर. पहाटेची लोकल पकडून, किट बॅग लगेजच्या डब्यात टाकून, आझाद मैदानाला प्रॅक्टिसला जायचा. डोंबिवलीहून रोज किट बॅग घेऊन सीएसटीला जाणं काय असतं हे इथल्यांना वेगळं सांगायला नको. तर, सगळ्यात जास्त टॉवेल त्याला चिकटला. डावखुरा स्पिनर ना. त्याच्याबद्दल शेवटी बोलतो.

आता केसकडे. जूनच्या सुरुवातीला दिल्ली पोलिसांनी या प्रकरणात मोक्का लावला. इथे जरा थांबू, कारण हा आपल्या घरचा कायदा आहे. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९. मुंबईतल्या गँगवॉरच्या, खंडणीच्या काळात महाराष्ट्राने केला. पुढे २००२ मध्ये तो दिल्लीला लागू झाला. म्हणजे दाऊद, राजन, गवळी यांच्या काळातल्या टोळ्यांसाठी बनवलेला कायदा एका रणजी स्पिनरवर लागला.

मोक्का एवढा कडक का? एक, साध्या कायद्यात पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. मोक्कात अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली चालते. दोन, आरोपपत्रासाठी पोलिसांना १८० दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते. तीन, जामीन जवळजवळ बंद. आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते, तेव्हाच जामीन.

पण याच कायद्याच्या काही अटीही आहेत. टोळी असली पाहिजे. त्या टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रं असली पाहिजेत. आणि मूळचा गुन्हा किमान तीन वर्षांच्या शिक्षेचा असला पाहिजे. ही शेवटची अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इकडे अंकीतचं लग्न ठरलेलं होतं, २ जूनला. कोर्टाने त्यासाठी थोड्या दिवसांचा जामीन दिला. तो बाहेर आला, लग्न झालं, आणि ६ जूनला परत तिहारमध्ये हजर. लग्नाच्या मांडवाबाहेर कॅमेरे. ते फोटो मी तेव्हा बघितले होते आणि हसलो होतो, खरं सांगतो. १५-१६ वर्षांच्या मुलाला त्यात विनोदच दिसतो.

१० जूनला दिल्लीच्या कोर्टाने श्रीशांत, चव्हाण आणि इतर अनेकांना जामीन दिला. मोक्का लावलेला असूनही. कारण मोक्का लागू होईल असं प्रथमदर्शनी काही दिसत नाही, असं कोर्टाचं मत पडलं. ही पहिली खूण होती की टीव्हीवरची केस आणि कोर्टातली केस वेगळ्या आहेत. पण जामिनाची बातमी आम्ही 'पैसे देऊन सुटले' अशीच वाचली.

जुलैच्या शेवटी आरोपपत्र आलं. हजारो पानांचं. त्यात दाऊद इब्राहिम आणि छोटा शकील यांचीही नावं. सप्टेंबरमध्ये, म्हणजे १३ सप्टेंबर २०१३ ला, बीसीसीआयच्या शिस्तपालन समितीने रवी सवानी यांच्या चौकशी अहवालावरून श्रीशांत आणि चव्हाणवर आजन्म बंदी घातली. कोर्टात तेव्हा आरोप निश्चितही झाले नव्हते.

त्याच दिवशी आणखी एक निर्णय झाला जो फारसा कुणाला आठवत नाही. हरमीत सिंग. हाही मुंबईचा, हाही डावखुरा स्पिनर, हाही राजस्थान रॉयल्सचा. त्याचंही नाव चौकशीत आलं होतं. पुरेसा पुरावा नाही म्हणून बोर्डाने त्याला सोडून दिलं. पुढे तो अमेरिकेला गेला आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये न्यूयॉर्कला भारताविरुद्ध खेळला. एकच शहर, एकच टीम, एकाच पद्धतीची बोलिंग, आणि दोन आयुष्यं कुठल्या कुठे गेली. मी दोघांची बरोबरी करत नाहीये, पुरावे वेगळे होते. पण चौकशीत नाव येणं आणि दोष सिद्ध होणं यात किती मोठं अंतर असतं, ते इथे दिसतं.

आता २५ जुलै २०१५. पतियाळा हाऊस कोर्ट, न्यायाधीश नीना बन्सल कृष्णा. ३६ जणांना आरोपमुक्त केलं. श्रीशांत, चंडिला, चव्हाण, सगळे.

इथे शब्द नीट समजून घेऊ, कारण आपली सगळी भांडणं या शब्दांवरून होतात. अटक म्हणजे पोलिसांना संशय आहे. आरोपपत्र म्हणजे पोलीस म्हणतात, आमच्याकडे पुरावा आहे. आरोपनिश्चिती म्हणजे कोर्ट म्हणतं, ठीक आहे, खटला चालवण्याइतकं इथे काहीतरी आहे. मग खटला, साक्षीदार, उलटतपासणी, आणि शेवटी दोषी किंवा निर्दोष. आरोपमुक्त करणं हे या सगळ्याच्या आधी होतं. कोर्ट कागद बघून म्हणतं, खटला सुरू करण्याइतकंही यात काही नाही, घरी जा. निर्दोष मुक्तता म्हणजे खटला चालला आणि गुन्हा सिद्ध झाला नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या बातम्यांमध्ये दोन्हीला 'क्लीन चिट' म्हणतात.

आणि आरोपमुक्त का केलं? इथे ती मघाची अट. मोक्कासाठी मूळचा गुन्हा किमान तीन वर्षांच्या शिक्षेचा हवा. सट्टा खेळणं हा गुन्हा आहे, पण जुगाराच्या जुन्या कायद्यात त्याची शिक्षा किरकोळ. मग पोलिसांनी ४२० चा, फसवणुकीचा आधार घेतला. पण फसवणूक कुणाची? फिक्सिंग हा शब्द तर आपल्या फौजदारी कायद्यात नव्हताच. आणि खेळाडूंचा टोळीशी संबंध दाखवणारा पुरावा कोर्टाला पुरेसा वाटला नाही. दिल्ली पोलीस या निकालाविरुद्ध हायकोर्टात गेले, हेही सांगायला हवं.

२०१५ च्या जुलैमध्ये मी बारावी संपवून इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या गडबडीत होतो. टॉवेलवरचा लाल गोल मला आजही जसाच्या तसा आठवतो. ही दुसरी बातमी आठवतच नाही. मोठी बातमी होती ती, पहिल्या पानावर होती. पण माझ्या डोक्यात ती कधी शिरलीच नाही. कारण माझ्यासाठी निकाल दोन वर्षांपूर्वीच लागला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग तो निर्दोष होता, बोर्डाने अन्याय केला. थांबा, एवढं सोपं नाही. बोर्डाने बंदी उठवली नाही. बोर्डाचं म्हणणं होतं, कोर्टाची केस वेगळी, आमची शिस्त वेगळी. श्रीशांत आधी केरळ हायकोर्टात गेला, आणि मग सर्वोच्च न्यायालयात. तिथे त्याच्या बाजूने सांगितलं गेलं की कबुली पोलिसांच्या छळामुळे दिली होती. १५ मार्च २०१९ ला निकाल आला. न्यायमूर्ती अशोक भूषण आणि के. एम. जोसेफ. त्यांनी आजन्म बंदी रद्द केली, पण काय म्हणून? बोर्डाला कारवाईचा अधिकार आहे, फौजदारी कोर्टाने सोडलं म्हणून बोर्डाचे हात बांधले जात नाहीत. मात्र शिक्षा किती द्यायची हे ठरवताना समितीने परिस्थितीचा विचारच केला नाही, तेव्हा शिक्षा परत ठरवा. म्हणजे दोषाचा भाग तसाच राहिला, शिक्षेचा भाग परत पाठवला.

मग बोर्डाचे लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी श्रीशांतची बंदी सात वर्षांवर आणली. अंकीत चव्हाणच्या बाबतीत तोच निर्णय व्हायला मे २०२१ उजाडला. बंदी सात वर्षं, १३ सप्टेंबर २०१३ पासून मोजायची. म्हणजे ती सप्टेंबर २०२० मध्येच संपलेली होती. तसं पत्र त्याला मिळालं जून २०२१ मध्ये. तेव्हा त्याचं वय ३५. पकडला तेव्हा २७.

मी आज २८ चा आहे. म्हणून हा हिशोब मला लागतो. २७ ते ३५. आमच्या क्षेत्रात या वर्षांत माणूस सीनियर होतो, लीड होतो, एखाद-दोन कंपन्या बदलतो, घराचं कर्ज काढतो. फिरकीपटूसाठी तर हीच वर्षं कमाईची. ती गेली. शिक्षा म्हणून गेली असतील तर गेली, सात वर्षं ही शिक्षा फिक्सिंगसाठी जास्त आहे असं मी म्हणणार नाही. पण सात वर्षांची शिक्षा सात वर्षं आठ महिने झाल्यावर ठरते, याला काय म्हणायचं?

मध्यंतरी नोकरी बदलताना एक फॉर्म भरला. पार्श्वभूमी तपासणीचा. त्यात प्रश्न होता: तुमच्यावर कधी फौजदारी गुन्हा दाखल झाला आहे का? उत्तरं दोन. हो किंवा नाही. मी 'नाही' वर क्लिक केलं आणि पुढे गेलो. नंतर लक्षात आलं, की ज्याच्यावर दाखल झाला आणि कोर्टाने सोडून दिलं, त्याने काय करायचं? त्याला 'हो' वरच क्लिक करावं लागणार. पुढचं सांगायला फॉर्ममध्ये रकानाच नाही. आम्ही असे फॉर्म बनवतो, मंडळी. मीच असे शंभर फॉर्म बनवलेत. आणि आपल्या डोक्यातही तोच फॉर्म आहे.

तर मुद्दा असा, की खेळाडूचा निवाडा तीन ठिकाणी होतो. कोर्टात, बोर्डात आणि आपल्यात. कोर्टाला संशयापलीकडचा पुरावा लागतो, कारण तिथे माणसाचं स्वातंत्र्य जातं. बोर्डाला त्यापेक्षा कमी पुरावा चालतो, कारण तिथे फक्त खेळायची परवानगी जाते. म्हणून कोर्टाने सोडलं आणि बोर्डाने बंदी घातली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी बरोबर असू शकतात. कोर्टात अपील आहे. बोर्डाच्या वर लोकपाल आहे, त्याच्यावर कोर्ट आहे. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे आपल्यात, पुरावा लागत नाही आणि अपीलही नाही. आणि सगळ्यात लांब शिक्षा तिथलीच असते.

आता कायद्याचं. मला या प्रकरणात खरा राग कशाचा येत असेल तर याचा. २०१३ मध्ये एवढा गदारोळ झाला, त्याच वर्षी केंद्र सरकारने खेळातल्या फसवणुकीविरुद्ध विधेयकाचा मसुदा काढला. तो कायदा झाला नाही. २०१६ मध्ये अनुराग ठाकूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणलं. तेही झालं नाही. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टासमोर कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंची केस आली. कोर्टाने सांगितलं, फिक्सिंग ही बेशिस्त आहे, बेइमानी आहे, बोर्डाने कारवाई करावी. पण ४२० मध्ये ते बसत नाही. प्रेक्षकाने तिकीट आपणहून काढलंय, खेळाडूने त्याला फसवून काढायला लावलेलं नाही. केस रद्द. कर्नाटक सरकार मग सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात बेकायदा सट्ट्याचा उल्लेख किरकोळ संघटित गुन्ह्यात आहे. पैसे घेऊन मुद्दाम नो-बॉल टाकणाऱ्यासाठी वेगळं कलम तिच्यातही नाही.

इंग्लंडमध्ये काय झालं बघा. ऑगस्ट २०१०, लॉर्ड्स, पाकिस्तानचे तिघे. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या कोर्टाने शिक्षा सुनावली. सलमान बट ३० महिने, मोहम्मद आसिफ १२, मोहम्मद आमिर ६. सव्वा वर्षात विषय संपला, कारण त्यांच्याकडे जुगारात फसवणूक करण्याविरुद्ध २००५ चा कायदा होता. आमिर शिक्षा भोगून, बंदी भोगून २०१६ मध्ये परत पाकिस्तानसाठी खेळला. लोकांनी शिव्या घातल्या असतील, पण हिशोब पूर्ण झालेला होता. श्रीलंकेने २०१९ मध्ये वेगळा कायदा केला. आपल्याकडे क्रिकेटचा सगळ्यात मोठा पैसा, सगळ्यात मोठा सट्टा, आणि कलम नाही. नेमका कायदा नसला की पोलीस तोफ आणतात, मोक्कासारखी. तोफेने माशी मरत नाही. भिंत पडते, आणि माशी खरंच होती का नव्हती तेही कळत नाही. यात नुकसान दोघांचं. खरंच फिक्सिंग करणारा सुटतो, आणि न करणाऱ्याला स्वतःला सिद्ध करायची संधी मिळत नाही, कारण खटलाच चालत नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवली पाहिजे. 'आरोप म्हणजे दोष नाही' हे वाक्य खेळाडूचे चाहते ढालीसारखंही वापरतात. सुशील कुमारचं प्रकरण घ्या. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ५६ वर्षांनी, २००८ मध्ये कुस्तीत ऑलिंपिक पदक आणणारा पैलवान. २०१२ ला परत रौप्य. ४ मे २०२१ च्या रात्री दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये मारहाण झाली आणि २३ वर्षांचा पैलवान सागर धनखड मेला. सुशीलवर खुनाचा आरोप आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आरोप निश्चित झाले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने जामीन दिला, आणि १३ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. साक्षीदारांवर त्याच्या वजनाचा दबाव येऊ शकतो, हा त्यातला मोठा मुद्दा. खटला सुरू आहे. त्याला दोषी म्हणायचा अधिकार मला नाही. पण इथे दुसऱ्या बाजूला एक मेलेला मुलगा आहे, त्याचे आईवडील आहेत. पदकं मोजून जामीन मागितला जातो, तेव्हा त्या आईवडिलांनी काय मोजायचं?

म्हणजे प्रसिद्धी दोन्ही बाजूंनी काम करते. चव्हाणसारख्या मधल्या फळीतल्या खेळाडूला ती पहिल्याच दिवशी बुडवते. मोठ्या नावाला ती वर्षानुवर्षं तरंगत ठेवू शकते. म्हणून खेळाडूला सवलत नको आणि जास्तीची शिक्षाही नको. जो कायदा तुम्हाआम्हाला, तोच त्याला. फक्त तो नेमका असावा आणि वेळेत चालावा.

आपण काय करू शकतो? मी स्वतःसाठी एकच सवय लावून घेतली आहे. बातमी आली की 'केलं असेल का नसेल' हे विचारायच्या आधी विचारतो, 'कुठल्या टप्प्यावर आहे?' अटक, आरोपपत्र, आरोपनिश्चिती, निकाल. एवढं कळलं की तोंडातून निघणारं अर्धं वाक्य आपोआप गिळलं जातं. आणि ज्याच्याबद्दल आपण पहिल्या दिवशी बोललो, त्याचं पुढे काय झालं हे शेवटपर्यंत बघायचं. आवाज पहिल्या दिवशी जेवढा होता तेवढाच शेवटच्या दिवशीही काढायचा, निकाल काहीही लागो.

आता तो दादा. तुम्हाला वाटत असेल त्याने टॉवेलच्या चिडवण्यामुळे क्रिकेट सोडलं. तसं काही नाही. अजून दोन वर्षं खेळला, मग जमलं नाही, बहुतेकांचं जमत नाही. आता बँकेत आहे. गेल्या गणपतीत भेटला, तेव्हा मी सहज विषय काढला, म्हटलं, आम्ही तुला फार पिडायचो रे. तो हसला. म्हणाला, तुमचं काही नाही वाटायचं. पण त्या मे महिन्यात एका रात्री बाबांनी जेवताना विचारलं होतं, 'तुला मैदानावर कुणी असं भेटत नाही ना? खरं सांग.' मी हातातला घास खाली ठेवला, म्हणाला. मी सतरा वर्षांचा, क्लबच्या बी टीममध्ये. मला कोण भेटणार? पण बाबांनी विचारलं. कारण दिवसभर बिल्डिंगमध्ये सगळे तेच बोलत होते.

त्याच्या बाबांचं तरी काय चुकलं? त्यांनी आमच्याच हसण्यातून प्रश्न उचलला होता.

मी दादाला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, सोड रे, बारा वर्षं झाली. मग आम्ही दर्शनाच्या रांगेत पुढे सरकलो.

आजच्या भागात एवढंच. भेटू पुढच्या रविवारी. तोपर्यंत काळजी घ्या, आणि ग्रुपवर कुणाला फाशी द्यायच्या आधी एकदा बातमी शेवटपर्यंत वाचा.